मानसोपचार शिकताना विद्यार्थ्यांच्या मनाचं काय होतं?

मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

मी गेली वीस-बावीस वर्षं एमबीबीएसच्या मुलांना मानसोपचार हा विषय शिकवते. आज समोर विद्यार्थी दिसतायत, पालकही बरेच दिसतायत. मागच्या रांगेत माझे दोन सहकारी येऊन बसलेत, त्यामुळे मला जरा जपूनच बोलावं लागणार.

दर बॅचला एक गोष्ट हमखास घडते. आमच्या वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ओपीडी संपत आल्यावर, दाराशी एक जण घुटमळत राहतो. बाकीची पोरं कँटीनला पळालेली असतात. हा स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत उभा. "मॅडम, दोन मिनिटं आहेत का?" मी म्हणते, ये. आत येतो, बसत नाही, आणि म्हणतो, "मॅडम, मला वाटतं मला हे आहे."

'हे' म्हणजे काय, ते त्या आठवड्यात काय शिकवलं यावर ठरतं. मंत्रचळ शिकवला असेल तर मंत्रचळ. स्किझोफ्रेनिया शिकवला असेल तर तो. आमच्याकडे याची गंमतही खूप चालते. हृदयाचे आजार शिकताना अर्ध्या वर्गाच्या छातीत धडधडतं, टीबी शिकताना अर्धा वर्ग खोकतो. ही काही आजची गोष्ट नाही. जॉर्ज लिंकन वॉल्टन नावाचे अमेरिकेतले एक मेंदूविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९०८ साली काळजी करण्याच्या सवयीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी हे नोंदवून ठेवलंय की जो आजार शिकतो तोच आपल्याला झालाय या भीतीनं विद्यार्थी शिक्षकांकडे येत राहतात. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट'मधला नायक ब्रिटिश म्युझियममध्ये आजारांचं पुस्तक उघडून बसतो आणि गुडघ्याच्या एका दुखण्याचा अपवाद सोडला तर पुस्तकातले सगळे आजार आपल्याला आहेत असं त्याला कळतं! तो तर डॉक्टरकी शिकतही नव्हता. तुम्ही आम्ही रात्री मोबाइलवर लक्षणं शोधतो तेव्हा वेगळं काय करतो?

तर याला नाव पडलं 'मेडिकल स्टुडंट्स डिसीज'. मुलांचा आजार. नाव पडलं की एक सोय होते बघा. आलेल्या मुलाला सांगता येतं, "अरे, हे सगळ्यांना होतं, जा." मी स्वतः हे कित्येकदा सांगितलंय. आज मला बोलायचंय ते या वाक्याबद्दल.

एक प्रसंग सांगते. दहा-बारा वर्षं झाली. ज्याचा आहे त्याच्या परवानगीनं सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. थर्ड इयरचा मुलगा, हुशार, वर्गात पुढे बसणारा. असाच दाराशी आला. "मॅडम, परवा डिप्रेशनचं लेक्चर झालं ना. नऊपैकी सात माझ्यात आहेत." मी हसले. म्हटलं, "गेल्या टर्मला तुला टीबी झाला होता ना? पुढच्या आठवड्यात मॅनिया शिकवणारे, तो पण होईल तुला." तोही हसला. "हो मॅडम," म्हणाला आणि गेला. मी विसरूनही गेले.

सहा आठवड्यांनी त्याचा रूम पार्टनर मला शोधत आला. हा चार दिवस खोलीबाहेर पडला नव्हता, मेसला जात नव्हता, घरचे फोन घेत नव्हता. तीव्र नैराश्य होतं. उपचार झाले, एक टर्म गेली, पोरगा सावरला. आज तो तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. पण बरा झाल्यावर तो मला एक वाक्य बोलला, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तुमच्या दारापर्यंत यायला मला आठ दिवस लागले होते."

मला तेव्हा एकच प्रश्न विचारायचा होता: कधीपासून? विचारला असता तर कळलं असतं की दिवाळीपासून. आणि माझं लेक्चर होतं फेब्रुवारीत. लेक्चर ऐकून त्याला काही झालं नव्हतं. त्याला जे आधीच होत होतं, त्याला लेक्चरमध्ये फक्त नाव मिळालं होतं.

आता जरा मागे जाऊ आणि हे घडतं कसं ते समजून घेऊ. डेव्हिड मेकॅनिक या समाजशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये याची एक मांडणी केली, ती मला अजूनही पटते. आपल्या शरीरात आणि मनात दिवसभर काही ना काही चालूच असतं. पापणी फडफडते, पोटात कळ येते, उगाच उदास वाटतं. एरवी आपण तिकडे लक्ष देत नाही. ताण असला की या गोष्टी वाढतात, आणि वैद्यकीय शिक्षणात ताण म्हणजे रोजची भाजी-भाकरी. त्याच वेळी या मुलांच्या हातात आपण नवी नवी नावं देत असतो. जुनीच संवेदना, अंगावर ताण आणि हातात नवं लेबल. ते लेबल तिथे चिकटतं. यात मूर्खपणा काही नाही, शिकणं असंच होतं.

आणि गंमत म्हणजे, वैद्यकीय विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त घाबरट असतात का, हे जेव्हा नीट तपासलं गेलं, १९८६ मध्ये केलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची कायद्याच्या विद्यार्थ्यांशी तुलना केली, तेव्हा आजाराच्या भीतीत वैद्यकीय विद्यार्थी काही पुढे आढळले नाहीत. म्हणजे हा किस्सा आपण सांगतो तितका खरा नाही. हॉस्टेलवर मात्र तो अजून जोरात आहे.

पण मानसोपचाराच्या बाबतीत एक वेगळी अडचण येते, आणि तिथे मला जरा थांबायचंय. टीबीची शंका आली तर काय करता? एक्स-रे काढता, थुंकी तपासता. दोन दिवसांत विषय संपतो. डिप्रेशनचा एक्स-रे नाही. आमच्या पुस्तकातली लक्षणं ज्या शब्दांत लिहिलेली असतात, ते शब्द आपण रोज वापरतो. झोप नीट न लागणं, लक्ष न लागणं, थकवा, कशात रस न वाटणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर जा आणि ही यादी वाचून दाखवा. सगळा मजला हात वर करेल. निराज आहुजांचं ते छोटं पुस्तक आमची सगळी पोरं वाचतात. त्यात यादी दिलेली असते, ती पाठ होते. यादीच्या भोवतीचा मजकूर मात्र पाठ होत नाही. खरं निदान त्या भोवतीच्या मजकुरात असतं. नऊपैकी किमान पाच लक्षणं हवीत, त्यात उदासी किंवा रस जाणं यांतलं एक हवंच. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ. आणि त्यामुळे माणसाचं रोजचं जगणं अडायला हवं. 'अडायला हवं' हे शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, तरी व्हायवाला मुलं तेवढंच विसरतात.

दुसरं उदाहरण घ्या. एक मुलगी आली होती. पहाटे तीनपर्यंत वाचून आडवी झाली, आणि झोप लागता लागता तिला आईनं हाक मारल्यासारखं स्पष्ट ऐकू आलं. आई तिकडे लातूरला, ही इथे हॉस्टेलवर. बरं, आदल्याच दिवशी मी भास शिकवले होते. आवाज ऐकू येणं, कुणी नसताना. पोरगी थरथरत होती हो! आता झोप लागण्याच्या सीमेवर किंवा जाग येताना अशी हाक ऐकू येणं हे अगदी निरोगी माणसांतही होतं, आणि जागरणानं जास्त होतं. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आपलं नाव असं ऐकलंय? बघा, हात वर येतायत. पुस्तकातही ते दिलेलं असतं, पण दोन ओळींत. भीती वाटायला लावणारं प्रकरण वीस पानांचं, आणि 'हे नॉर्मल आहे बरं का' असं सांगायला दोन ओळी.

मंत्रचळाचं तसंच. रॅखमन आणि डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये साध्या, आजार नसलेल्या माणसांना विचारलं की तुमच्या मनात नको ते, विचित्र, घाण, हिंसक विचार आपोआप येतात का. बहुतेकांनी हो म्हटलं. शांत सभागृहात एकदम ओरडावंसं वाटणं, देवळात उभं असताना मनात शिवी येणं. आणि रुग्णांच्या मनातले विचार आणि या लोकांच्या मनातले विचार कागदावर शेजारी शेजारी ठेवले तर मजकुरात फार फरक नव्हता. फरक होता तो ते किती वेळा येतात, किती छळतात, झटकता येतात की नाही, यात. हे एवढं जर पहिल्याच तासाला सांगितलं, तर निम्म्या मुलांची रात्रीची झोप वाचते. मी आता आजार शिकवायच्या आधी हे शिकवते. अभ्यासक्रमात तसा क्रम नाही, पण चालतं.

आता दुसरी बाजू. हॉस्टेलवर एक नियम फिरत असतो, "ज्याला वाटतं आपल्याला आहे, त्याला नसतं. खऱ्या पेशंटला कळतच नाही." हा नियम चुकीचा आहे आणि धोक्याचा आहे. तीव्र मनोविकृतीत माणसाला आपण आजारी आहोत हे बऱ्याचदा उमगत नाही, हे खरं. पण नैराश्यात? चिंतेच्या आजारात? मंत्रचळात? तिथे माणसाला बहुतेक वेळा पक्कं कळत असतं की आपलं काहीतरी बिनसलंय. अहो, स्किझोफ्रेनियाच्या अगदी सुरुवातीलाही काही जण सांगतात, "काहीतरी बदललंय, काय ते सांगता येत नाही." तेव्हा 'तुला वाटतंय म्हणजे तुला नाही' हे कुणालाही सांगू नका.

त्यातून वयाचा हिशेब करा. केसलर आणि सहकाऱ्यांचं २००५ सालचं अमेरिकेतलं मोठं सर्वेक्षण आहे. ज्यांना आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होतो, त्यांच्यातल्या निम्म्यांना तो चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो, आणि पाऊणजणांना चोवीसाव्या वर्षापर्यंत. आमच्या वर्गातली मुलं किती वर्षांची? अठरा ते तेवीस. म्हणजे ज्या वयात हे आजार डोकं वर काढतात, नेमक्या त्याच वयाची दीडशे मुलं समोर बसवून आपण त्यांना ते आजार शिकवतो. त्यातल्या काहींना तो आजार खरोखर असणारच, साधं गणित आहे. आणि त्या दोघा-चौघांना बाकीच्यांच्या गंमतीखाली दडपून टाकायला 'मेडिकल स्टुडंट्स डिसीज' हे नाव फार सोयीचं पडतं.

आकडे हवेत तर सांगते. २०१६ मध्ये जामा या नियतकालिकात रोटेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ४३ देशांमधले अभ्यास एकत्र करून पाहिले. वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणं २७.२ टक्के. आत्महत्येचे विचार ११.१ टक्के. आणि नैराश्याच्या चाचणीत जे पॉझिटिव्ह निघाले, त्यांच्यापैकी मदत घेतलेले फक्त १५.७ टक्के. हा शेवटचा आकडा परत ऐका. हे सगळे डॉक्टर होऊ घातलेले. दवाखाना त्यांच्या हॉस्टेलपासून पाच मिनिटांवर. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाचा अहवाल २०२४ मध्ये आला, त्यात उत्तर देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. ही ऑनलाइन भरून घेतलेली पाहणी होती, ज्यांना त्रास आहे तेच जास्त उत्साहानं भरतात, म्हणून आकडा जपून वापरायचा. पण निम्मा जरी खरा धरला तरी माझ्या दीडशेच्या वर्गात वीस जण होतात.

आता त्या वीस जणांच्या जागी बसून माझं लेक्चर ऐका. केस प्रेझेंट करताना रेसिडेंट म्हणतो, "मॅडम, बेड नंबर सात, तो स्किझो." मागून कुणीतरी हसतं. "या बाईंचं सगळं नाटक आहे." मग एखादे सर, सायकिॲट्रीतले नव्हेत, दुसऱ्या विभागातले, मुलांना म्हणतात, "काय, वेड्यांच्या वॉर्डला जाऊन आलात? बघा, कुणी राहिलं नाही ना तिकडे!" वर्गात हशा. आणि तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसलेली असते, जिच्या बॅगेत सकाळी घ्यायची गोळी असते. तिला त्या क्षणी कळतं की इथे कुणाला काही सांगायचं नाही. आम्ही तिला मदत घ्यायला सांगणारी पोस्टर्स लावतो, आणि विनोद करून ती पोस्टर्स स्वतःच फाडतो.

स्वतःला आजार आहे या भीतीशिवाय आणखी एक ताण असतो, तो कुठल्याच पाहणीत सापडत नाही. तो घरच्यांचा.

एक मुलगा होता, परभणीकडचा. संशयाचे भ्रम असलेल्या एका बाईंची त्यानं हिस्टरी घेतली. त्या सांगत होत्या की शेजारी माझ्या जेवणात काहीतरी कालवतात, भिंतीपलीकडून माझ्याबद्दल बोलतात. त्यानं सगळं नीट लिहून आणलं, छान प्रेझेंट केलं. मग संध्याकाळी आला. म्हणाला, "मॅडम, माझ्या आत्याला सेम हेच होतं. आम्ही तिला देवऋष्याकडे न्यायचो. बाहेरचं झालंय म्हणायचो. मी लहान होतो, तिला चिडवायचो." आत्या तोपर्यंत वारली होती. काय उत्तर देणार? शिकण्यामुळे आजवरचं सगळं घर त्याला नव्यानं दिसायला लागलं होतं. कुणाला वडिलांचं पिणं दिसतं आणि 'व्यसनाधीनता' या प्रकरणातला एकेक मुद्दा टिकमार्क होत जातो. कुणाला कळतं की आई दर दोन वर्षांनी महिनाभर 'माहेरी विश्रांतीला' जायची ती विश्रांती नव्हती. बाकीची मुलं तो धडा वाचतात, आणि हा मुलगा आपलं बालपण वाचत असतो.

त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, मग मला होईल का?" याचं उत्तर टाळू नये, आकड्यात द्यावं. स्किझोफ्रेनियाचा धोका सर्वसाधारण लोकांत साधारण शेकडा एक. आई-वडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर साधारण शेकडा दहाच्या आसपास. आत्या, मामा, मावशी यांच्यात असेल तर शेकडा दोन ते चार. म्हणजे धोका वाढतो, खोटं कशाला बोला. पण आत्याला होता अशा शंभर भाच्यांपैकी पंच्याण्णवांहून जास्त जणांना तो होत नाही. हे ऐकल्यावर त्या मुलानं पहिल्यांदा नीट श्वास घेतला. आणि मी त्याला हेही सांगितलं की गांजा आणि तत्सम गोष्टींपासून लांब राहा, तुझ्यासाठी ते इतरांपेक्षा जास्त महाग पडू शकतं.

आत्याबद्दलच्या अपराधी भावनेसाठी माझ्याकडे आकडा नव्हता. आम्ही बराच वेळ बोलत बसलो, एवढंच. पुढे त्यानं गावी जाऊन आजीला आत्याबद्दल विचारलं, आणि आजी त्या दिवशी खूप वर्षांनी तिच्याबद्दल बोलली, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

वॉर्डाबद्दल थोडं. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे मुलांना भेटीला नेतात. जाताना बसमध्ये गाणी. येताना बस शांत. मुलांना काय लागतं माहितीये? आरडाओरडा किंवा काही भयंकर दिसेल अशी त्यांची तयारी असते, ती सिनेमानं करून दिलेली असते. प्रत्यक्षात तसलं फारसं दिसत नाही. दिसतो तो आपल्याच वयाचा इंजिनिअरिंगचा मुलगा, आपल्यासारखंच बोलणारा. दिसतात आजार आटोक्यात येऊन वर्षं झालेली, पण घरच्यांनी न्यायला नकार दिलेली माणसं. एखाद्या आजी पांढरा कोट बघून एकोणीस वर्षांच्या पोरीचा हात धरतात, "डॉक्टर, मला घरी कधी सोडणार?" ती डॉक्टर नसते, तिला काही ठरवता येत नाही, आणि तिला आपली आजी आठवते. शॉक ट्रीटमेंटचीही तशीच दहशत असते. प्रत्यक्षात भूल आणि स्नायू शिथिल करायचं औषध दिल्याशिवाय ती देण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे, आणि एकदा नीट समजावून डोळ्यांसमोर पाहिली की मुलं म्हणतात, "एवढंच?" ज्याची भीती होती ते सोपं जातं, आणि ज्याची कुणी कल्पना दिली नव्हती ते लागून राहतं. म्हणून भेटीनंतर अर्धा तास तिथेच झाडाखाली बसवून मुलांना बोलू द्यावं. या अर्ध्या तासाला खर्च शून्य. तरी बहुतेक ठिकाणी बस लगेच निघते, कारण ड्रायव्हरची वेळ झालेली असते. आम्ही कधीतरी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'देवराई' दाखवून त्यावर गप्पा मारतो. अतुल कुलकर्णींच्या शेषबद्दल बोलता बोलता मुलं स्वतःबद्दल बोलायला लागतात, तेवढाच आडोसा त्यांना पुरतो.

विद्यार्थ्यांसाठी एक अगदी व्यवहाराची गोष्ट. हिस्टरी घेताना रुग्ण तुम्हाला असं काही सांगेल की जे त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही. जगायची इच्छा नाही, किंवा घरात कुणी त्रास देतंय. आणि म्हणेल, "कुणाला सांगू नका हं." तुम्ही लहान असता, समोरच्यानं विश्वास टाकला म्हणून भारावता आणि 'नाही सांगत' म्हणता. मग ते ओझं घेऊन रात्रभर जागता. असं वचन देऊ नका. सरळ सांगा, "मी शिकतोय, तुमच्यावर जे डॉक्टर उपचार करतात त्यांना मला हे सांगावं लागेल, कारण तुम्हाला मदत त्यांच्याकडून होईल." आणि लगेच रेसिडेंटला सांगा, उद्याच्या राउंडची वाट बघू नका. मला माझ्या विद्यार्थिदशेत हे कुणीही सांगितलं नव्हतं.

आता मी दाराशी आलेल्या मुलाला काय विचारते? सगळ्यात आधी खुर्चीवर बसवते. मग, कधीपासून? लेक्चरच्या आधीपासून की नंतर? गेल्या महिन्यात दुसरा आजार वाटत होता का? आजार अभ्यासक्रमाबरोबर बदलत असेल आणि सुट्टीत घरी गेल्यावर विरघळत असेल तर ती बहुधा शिकण्याची धूळ आहे, बसते आपोआप. पण जे आधीपासून आहे, विषय बदलला तरी जागचं हलत नाही, ते मी गंभीरपणे घेते. झोप, जेवण, लेक्चरला हजेरी, आंघोळसुद्धा, हे विचारते. तुझ्या रूम पार्टनरनं काही म्हटलं का, हे तर विचारतेच, कारण इतरांना फरक दिसतो तो आपल्याला दिसत नाही. आणि मरण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्यानं ते विचार मनात भरतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. उलट विचारलं की मुलं हलकी होतात.

आणि हे करूनही मी त्याच्यावर उपचार करत नाही. मी त्याची परीक्षक आहे ना! उद्या व्हायवाला समोर बसल्यावर त्याला काय वाटेल? केस पेपर काढायला रांगेत उभा राहिला तर खिडकीपाशी त्याच्याच बॅचचे दोघे भेटणार. म्हणून मी कॉलेजबाहेरचं नाव देते, आणि सांगते की तुझी माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर कायद्यानं बंधन आहे. मदत घेणारे फक्त १५.७ टक्के, त्यामागे बऱ्याच अंशी हेच साधं भय आहे, कोण बघेल याचं. आमच्या कॉलेजांनी विद्यार्थ्यांसाठी कँपसबाहेर, दुसऱ्या संस्थेतल्या डॉक्टरांशी सोय करून ठेवली तर निम्मा प्रश्न सुटेल असं माझं मत आहे. मागच्या रांगेतल्यांनी मान डोलावलीय, म्हणजे नोंद झाली असं धरते.

एक चिठ्ठी आलीये, ती घेते आणि थांबते. "मुलगी सेकंड इयरला आहे, नागपूरला. फोनवर म्हणते मला ओसीडी आहे. मी तिला म्हटलं, अभ्यासात लक्ष घाल, सगळं ठीक होईल. बरोबर केलं का?" नाव नाही. छान, नसूच दे.

बाई किंवा भाऊ, जे कोणी असाल, तुम्ही तेच केलंत जे मी केलं होतं, तेव्हा मी काय बोलणार. आज रात्री परत फोन करा. "त्या दिवशी तू सांगत होतीस ते मी नीट ऐकलं नाही, आता सांग," एवढंच म्हणा. कधीपासून आहे ते विचारा. त्यात दिवसाचा किती वेळ जातो, हात धुण्यात, तपासण्यात, मनातल्या मनात घोकण्यात, ते विचारा. रोज तासाभरापेक्षा जास्त जात असेल किंवा अभ्यास, जेवण, झोप अडत असेल, तर तज्ज्ञाला दाखवायचं. मंत्रचळावर औषधं आहेत, वर्तनोपचार आहेत, चांगला फरक पडतो. लगेच कुणी सापडत नसेल तर टेली-मानसचा नंबर लिहून घ्या, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिलाही द्या, तुम्हीही करू शकता. आणि ती म्हणाली की नाही गं आई, परवा लेक्चर झालं म्हणून वाटलं, आता काही नाही, तर तेही ऐकून घ्या, आणि पंधरा दिवसांनी एकदा परत विचारा.